असली उस्मानाबादी कोणती? डीएनएतले मणी मोजण्याची गोष्ट

बकरी ईद जवळ आली की आपल्या लातूर-नांदेडकडच्या घराघरांत एकच विषय असतो. बोकड कुठून आणायचा, किती दाती आहे, दलाल किती सांगतो आणि कितीला देतो. उदगीरजवळच्या हाळी-हंडरगुळीच्या बाजाराला जाऊन आलेले चाचा तोंडभर वर्णन करतात. एक वाक्य तर प्रत्येक विक्रेत्याच्या तोंडी ठरलेलेच असते, "मियाँ, असली उस्मानाबादी है, आँख बंद करके ले जाओ."

डोळे मिटून कोणी नेत नाही. आपण तोंड उघडून दात बघतो, पाठीवर हात फिरवतो, कान बघतो, चालवून बघतो. कुर्बानीसाठी तेवढे पुरते. जनावर धडधाकट हवे, वयात बसलेले हवे. जातीचे नाव काय, याने फरक पडत नाही.

पण ज्या घरात शेळ्या पाळल्या जातात, तिथे फरक पडतो. आमच्या नात्यातल्या एका खालाची गोष्ट सांगतो. तिच्या चार काळ्या शेळ्या होत्या. दर वेताला बहुधा जुळी करडे. शिलाईच्या पैशांत घर चालायचे, आणि शाळेची फी, दवाखाना, ईदचे कपडे हे सगळे करडांच्या पैशांत निघायचे. एका वर्षी तिने 'असली' म्हणून पैदाशीचा बोकड विकत घेतला. काळा कुळकुळीत, उंच, देखणा. पुढच्या दोन वर्षांत त्याच्या पाटी मोठ्या झाल्या आणि व्यायल्या, तेव्हा बहुतेकींना एकेकच करडू झाले. उन्हाळ्यात कडबा आणि बाभळीच्या शेंगांवर त्या टिकेनात. खाला म्हणाली, "रंग काळा होता रे बाबा, रक्त दुसरे होते."

रक्त दुसरे होते की नाही, हे कसे ओळखायचे? रंगावरून नाही, कानावरून नाही, विकणाऱ्याच्या शपथेवरून तर मुळीच नाही. याचे उत्तर आज विज्ञानाकडे आहे. गंमत अशी की ते उत्तर डीएनएच्या अशा भागातून येते, ज्याला एके काळी शास्त्रज्ञच 'कचरा' म्हणत होते. या महिन्यात आपण त्याच भागाकडे बघणार आहोत.

एकच शब्द पुन्हा पुन्हा

प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए असतो हे आता शाळेतली मुलेही सांगतात. त्याची लिपी चारच अक्षरांची आहे, ए, टी, जी आणि सी. शेळीच्या एका पूर्ण संचात अशी सुमारे २९० कोटी अक्षरे असतात, माणसाच्या संचात ३०० कोटींच्या वर. शेळीची गुणसूत्रे ६०, आपली ४६.

आपल्याला वाटते, एवढ्या मोठ्या ग्रंथात पानोपानी नवीन मजकूर असेल. तसे नाही. माणसाच्या डीएनएचा जवळजवळ निम्मा भाग पुनरावृत्तीचा आहे. तेच तेच तुकडे पुन्हा पुन्हा येतात. 'आलू' नावाचा सुमारे ३०० अक्षरांचा एक तुकडा आपल्या प्रत्येकाच्या डीएनएत दहा लाखांहून अधिक वेळा आलेला आहे. (याचा बटाट्याशी संबंध नाही, हे नाव वेगळ्या कारणाने पडले.)

पुनरावृत्ती दोन प्रकारची असते. एक विखुरलेली. एखादा तुकडा इथे, तोच तुकडा लाखो अक्षरे सोडून तिथे. हे तुकडे पूर्वी कधीतरी स्वतःची नक्कल काढून नव्या जागी जाऊन बसलेले असतात. मक्याच्या दाण्यांचे रंग बघता बघता बार्बरा मॅक्लिंटॉक या अमेरिकन बाईंनी अशा उड्या मारणाऱ्या तुकड्यांचा शोध लावला. बरीच वर्षे त्यांचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नाही, अखेर १९८३ साली त्यांना नोबेल मिळाले.

दुसरी पुनरावृत्ती ओळीने लागलेली, एकामागे एक. सीए सीए सीए सीए... अशी. आपल्या घरातली तस्बीह डोळ्यांसमोर आणा. एकसारखे मणी एका दोऱ्यात ओवलेले. डीएनएत अशा छोट्या छोट्या माळा हजारो ठिकाणी आहेत. मणी म्हणजे एक ते सहा अक्षरांचा शब्द, आणि प्रत्येक माळेत मणी किती, हे ज्याचे त्याचे वेगळे. शास्त्रज्ञ या माळांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात.

मणी कमी-जास्त का होतात? पेशी दुभागताना डीएनएची नक्कल निघते. नक्कल काढणारी यंत्रणा एरवी अत्यंत काटेकोर असते, पण एकसारखे शब्द ओळीने आले की तिची गफलत होते. ३३ वेळा मोजताना आपले नाही का होत, बोट एक मणी पुढे सरकते किंवा एकच मणी दोनदा मोजला जातो? तसेच. म्हणून या माळांतले बदल डीएनएच्या इतर भागांपेक्षा कितीतरी वेगाने होतात. तरीही ते एवढे जलद नसतात की आई-बापाची खूण पुसली जावी. नेमके याच कारणामुळे वंश ओळखायला या माळा उपयोगी पडतात.

शोधण्याच्या रीती: मशिदीबाहेरच्या चपला

आता मुख्य प्रश्न. कोट्यवधी अक्षरांत पुनरावृत्ती सापडते कशी? अक्षरे वाचता येत नव्हती, त्या काळातही शास्त्रज्ञांनी ती शोधली होती.

पहिली रीत फिरवण्याची. १९६०च्या दशकात डीएनए एका जड क्षाराच्या द्रावणात घालून यंत्रात प्रचंड वेगाने फिरवला जाई. बहुतेक डीएनए एका थरात जमायचा, पण त्याच्या शेजारी एक बारीकसा वेगळा थर दिसायचा. मुख्य थराच्या बाजूला उपग्रहासारखा, म्हणून त्याला 'सॅटेलाइट' म्हटले. तो थर ओळीने आलेल्या पुनरावृत्तीचा होता. माळांना सॅटेलाइट हे नाव तिथून चिकटले आहे, आकाशातल्या उपग्रहाशी त्याचे देणेघेणे नाही.

दुसरी रीत उकळून थंड करण्याची. १९६८ साली रॉय ब्रिटन आणि डेव्हिड कोहने या दोघांनी ती मांडली. डीएनएच्या दोन पट्ट्या असतात. बारीक तुकडे करून उकळले की पट्ट्या सुटतात, थंड केले की पुन्हा आपापला जोडीदार शोधतात. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर काय होते ते आठवा. एकसारख्या निळ्या रबरी चपला शंभर असतील तर डावी-उजवी जोडी पटकन जमते, कुठलीही डावी कुठल्याही उजवीला चालते. पण एखाद्याची नक्षीची मोजडी असेल तर तिचा जोडीदार एकच, तो सापडायला वेळ लागतो. डीएनएचेही तसेच. जे तुकडे लाखो वेळा आलेले, ते लगेच जुळतात. जे एकदाच आलेले, ते उशिरा. कोण किती वेगाने जुळला, हे मोजून त्यांनी सांगितले की प्राण्यांच्या डीएनएत पुनरावृत्तीचा केवढा मोठा साठा आहे.

तिसरी रीत खुणेच्या तुकड्याची. एडविन सदर्न यांनी १९७५ साली डीएनएचे तुकडे जेलीसारख्या पट्टीत लांबीप्रमाणे वेगळे करून, ते पडद्यावर उतरवून, ओळखीच्या तुकड्याने शोधण्याची पद्धत दिली. तीच वापरून १९८४ साली इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांना प्रत्येक माणसाचा वेगळा नमुना दिसला. डीएनए फिंगरप्रिंटिंग ते हेच.

हैदराबाद आणि पट्टेरी मण्यार

या कथेचा एक मोठा भाग आपल्या शेजारी घडला आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आजही नांदेड-लातूरच्या कितीतरी घरांची सोयरीक हैदराबादेत आहे, मोठा दवाखाना म्हटले की पहिली गाडी तिकडचीच आठवते. त्याच हैदराबादेतल्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात, म्हणजे सीसीएमबीत, डॉ. लालजी सिंह यांनी भारताचे स्वतःचे डीएनए फिंगरप्रिंटिंग तयार केले.

त्यांचे सुरुवातीचे संशोधन सापांवर होते. पट्टेरी मण्यार या विषारी सापाच्या डीएनएत त्यांना पुनरावृत्तीचा एक तुकडा मिळाला होता. तो खुणेचा तुकडा म्हणून वापरला तर माणसामाणसातला फरक दिसतो, हे त्यांच्या लक्षात आले. १९९१ साली केरळातल्या तलश्शेरीच्या न्यायालयात एका मुलाचा बाप कोण, या प्रकरणात हा पुरावा त्यांनी मांडला. भारतीय न्यायालयात अशा पुराव्याचा तो आरंभ होता. राजीव गांधी हत्येच्या तपासातही ओळख पटवायला हे तंत्र वापरले गेले. २०१७ साली लालजी सिंह यांचे निधन झाले. आज अपघातात ओळख हरवलेल्या देहांना त्यांची नावे परत मिळतात, जत्रेत हरवलेले मूल वर्षांनी आईला परत मिळते, त्यामागे हीच मणी मोजण्याची विद्या आहे.

सापांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक नवल. गाई, शेळ्या, मेंढ्या यांच्या डीएनएत 'बोव्ह-बी' नावाचा एक पुनरावृत्तीचा तुकडा आहे. त्याच्यापासून निघालेले तुकडे धरले तर गाईच्या डीएनएचा जवळपास चौथा हिस्सा त्यानेच व्यापला आहे. याच तुकड्याचे सख्खे भाऊ साप आणि सरड्यांत सापडतात. म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी तो एका वंशातून दुसऱ्या वंशात उडी मारून आला. कसा आला? शास्त्रज्ञांचा संशय आपल्या ओळखीच्या एका जीवावर आहे, गोचिडावर. रक्त पिता पिता त्याने हा तुकडा इकडचा तिकडे नेला असावा.

मणी मोजून वंश कसा ठरतो

आता खालाच्या बोकडाकडे परत येऊ. आजची रीत पूर्वीपेक्षा सोपी आहे. रक्ताचे काही थेंब किंवा मुळासकट उपटलेले चार केस पुरतात. पीसीआर नावाच्या प्रक्रियेने डीएनएतली नेमकी एक माळ निवडून तिच्या कोट्यवधी नकला काढतात. मग त्या नकला एका केसाएवढ्या बारीक नळीतून विजेच्या जोरावर पळवतात. आखूड माळ पुढे पोहोचते, लांब माळ मागे राहते. पोहोचायच्या वेळेवरून माळेत मणी किती, हे कळते.

प्रत्येक जनावराकडे प्रत्येक ठिकाणच्या दोन माळा असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. समजा एका करडाकडे एका ठिकाणी १२ मण्यांची आणि १५ मण्यांची अशा दोन माळा आहेत. आईकडे १२ आणि १४ आहेत. म्हणजे १२ आईकडून आली. मग १५ बापाचीच असणार. ज्या बोकडाचे नाव सांगितले जाते, त्याच्याकडे ११ आणि १३ असतील तर तो बाप असण्याची शक्यता फार कमी. एका ठिकाणी चूक होऊ शकते, एखादा मणी नव्याने सरकलेला असू शकतो. म्हणून दहा-पंधरा ठिकाणी पाहतात. दोन-तीन ठिकाणी मेळ बसला नाही की निकाल स्पष्ट.

जात ओळखणे यापेक्षा अवघड आहे. हे आपण नीट समजून घेतले पाहिजे, कारण बाजारात उद्या कोणी 'डीएनए सर्टिफिकेट' दाखवून फसवू शकतो. 'हा मणी असला की उस्मानाबादी' अशी एकही खूण नसते. कुठल्या जातीत कुठल्या लांबीच्या माळा किती प्रमाणात आढळतात, याची नोंद आधी पुष्कळ जनावरांवरून करावी लागते. मग एखाद्या जनावराच्या माळा त्या नोंदीशी ताडून ते कुठल्या जातीत बसण्याची शक्यता जास्त, हे सांगता येते. शक्यता, खात्री नव्हे. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने गाय, म्हैस, शेळी, मेंढी अशा पाळीव जातींसाठी प्रत्येकी ३० ठिकाणांची यादी सुचवली आहे, म्हणजे जगात कुठेही मोजले तरी तुलना करता यावी.

आपल्या मराठवाड्यात हे काम झालेले आहे. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारची लाल कंधारी आणि लातूर जिल्ह्यातल्या देवणीची देवणी, या आपल्या दोन गोवंशांच्या जाती. लाल कंधारी गडद तांबड्या रंगाची, माळेगावच्या जत्रेत तिचे प्रदर्शन बघायला लोक लांबून येतात. देवणी पांढरी किंवा पांढरी-काळी. तिच्यातही पूर्ण पांढरी ती बालंक्या, काळसर तोंडाची ती वानेरा आणि ठिपक्यांची ती शेवेरा, अशी नावे शेतकऱ्यांनीच दिलेली. हरियाणातल्या कर्नाल येथे देशी जनावरांच्या जातींची नोंद ठेवणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी मराठवाड्यातल्या या दोन जातींच्या माळा मोजून त्यांच्यातला फरक किती, यावरचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध केला. अशा अभ्यासांत बहुतेक वेळा असे दिसते की जाती-जातींमधला फरक थोडा असतो आणि एकाच जातीतल्या जनावरा-जनावरांमधला फरक त्याहून कितीतरी मोठा. आतले हे वैविध्य हीच जातीची खरी पुंजी. ते आटले की पुढच्या दुष्काळात, पुढच्या रोगात तग धरणारे जनावर निघेलच याचा भरवसा राहत नाही.

उस्मानाबादी शेळीचेही तेच. जिल्ह्याचे नाव आता धाराशिव झाले, शेळीचे नाव मात्र उस्मानाबादीच आहे. तिचे मूळ घर धाराशिवपासून तुळजापूर, लातूर, उदगीरपर्यंत. बहुतेक काळी, पण पांढरी, तपकिरी, ठिपक्यांचीही असते. म्हणून काळा रंग हा तिच्या असलीपणाचा पुरावा होत नाही. जुळी देणे, कमी चाऱ्यावर टिकणे, आपले ऊन सोसणे, हे तिचे गुण. ते शेकडो वर्षांत आपल्याच बायाबापड्यांनी निवडून निवडून टिकवलेले. उंच बोकडाच्या मोहात सगळ्यांनी परका संकर सुरू केला तर एका पिढीत करडे वजनदार होतील, पण खालासारख्या बाईचा आधार हळूहळू सुटेल.

संगणकाची रीत

आता अक्षरे वाचता येतात, तर मग संगणकाला सांगितले की झाले, असे वाटेल. संगणकाच्या मुख्य तीन युक्त्या आहेत.

पहिली, यादीशी ताडणे. आजवर सापडलेल्या पुनरावृत्तींची मोठी यादी केलेली आहे. 'रिपीटमास्कर' नावाची संगणक प्रणाली नवा डीएनए त्या यादीशी ताडते आणि जुळणारा भाग झाकून टाकते. उरलेल्यात जनुके शोधणे सोपे जाते. पण यादीत नसलेली नवी पुनरावृत्ती तिला दिसत नाही.

दुसरी, शब्द मोजणे. सगळा डीएनए पंधरा-वीस अक्षरांच्या शब्दांत तोडायचा आणि कुठला शब्द किती वेळा आला ते मोजायचे. या मासिकाच्या अंकात 'आणि' शेकडो वेळा येईल, 'मण्यार' क्वचितच. हजारो वेळा येणारा शब्द म्हणजे पुनरावृत्तीचा भाग. याला आधीची यादी लागत नाही.

तिसरी, माळा शोधणे. एखादा तुकडा त्याच्याच शेजारी, थोडाफार बदललेला का होईना, पुन्हा आला आहे का, हे बघणे. गॅरी बेन्सन यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेली प्रणाली हेच करते आणि आजही वापरात आहे.

पण खरी अडचण त्याच्या आधीची आहे. यंत्र डीएनए सलग वाचत नाही, छोट्या छोट्या तुकड्यांत वाचते. मग तुकडे जुळवून मजकूर उभा करावा लागतो. सूरह रहमानमध्ये एकच आयत ३१ वेळा येते. पहाटे झोपेतून जाग आली आणि शेजारच्या घरातून फक्त ती आयत कानावर पडली, तर तिलावत कुठवर आली हे सांगता येईल का? नाही. आधीची किंवा नंतरची आयत ऐकावीच लागते. हिफ्ज करणारी मुले नेमकी अशाच जागी एका ठिकाणाहून दुसरीकडे जातात, हे प्रत्येक उस्तादाला ठाऊक आहे. संगणकाचेही तसेच होते. तुकडा आखूड आणि पुनरावृत्ती लांब, की जागा कळत नाही.

उपाय एकच, लांब तुकडा वाचणे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत हजारो अक्षरे सलग वाचणारी यंत्रे आली. २०१७ साली त्यांच्या मदतीने शेळीचा डीएनए पूर्वीपेक्षा कितीतरी सलग जोडला गेला. माणसाच्या डीएनएचा सुमारे आठ टक्के भाग २००३ पासून अपुरा राहिला होता, तो बहुतेक पुनरावृत्तीचाच होता. तो २०२२ साली पूर्ण झाला.

लातूरच्या डाळीलाही हे लागू आहे. हैदराबादजवळच्या पाटनचेरूतील इक्रिसॅट संस्थेने राजीव वार्ष्णेय यांच्या नेतृत्वाखाली 'आशा' या तुरीच्या वाणाचा डीएनए वाचला, तो २०१२ साली छापून आला. नागेंद्रकुमार सिंह यांच्या भारतीय चमूनेही त्याच सुमारास तुरीवर असे काम केले. इक्रिसॅटच्या अंदाजाने तुरीत सुमारे ८३ कोटी अक्षरे, ४८,६८० जनुके आणि निम्म्याहून थोडा जास्त भाग पुनरावृत्तीचा. त्यांना साधारण ६१ कोटी अक्षरेच जोडता आली. अशा न जुळलेल्या भागात पुनरावृत्तीचाच मोठा वाटा असतो. याच तुरीतल्या माळा मोजून संकरित बियाणे खरेच संकरित आहे की भेसळीचे, हे पेरणीआधी तपासता येते. ज्याने एकदा बोगस बियाण्यात हंगाम घालवला आहे, त्याला याची किंमत सांगायला नको.

माणसांच्या माळा

शेवटी एक गोष्ट घरच्या काळजीची. काही माळा जनुकाच्या आत किंवा शेजारी असतात, आणि त्यांत मणी ठरावीक मर्यादेपलीकडे वाढले तर आजार होतो. फ्रीड्रिक अ‍ॅटॅक्सिया हा त्यातला एक विरळ आजार. मूल आठ-दहा-पंधरा वर्षांचे होईपर्यंत ठीक असते, मग चालताना तोल जाऊ लागतो, बोलणे जड होते, हृदयावरही परिणाम होतो. नवव्या गुणसूत्रावरच्या एका माळेत निरोगी माणसाकडे साधारण ३३ पर्यंत मणी असतात, रुग्णाकडे बहुधा शेकड्यांनी. आई आणि बाप दोघांकडून वाढलेली माळ आली तरच हा आजार होतो. एकाकडूनच आली तर तो माणूस आयुष्यभर ठणठणीत राहतो, त्याला पत्ताही नसतो.

आपल्याकडे चुलत-मावस नात्यात लग्ने होतात. आपल्या हिंदू शेजाऱ्यांत मामाची मुलगी करण्याची रीत आहे. जवळच्या नात्यात एकच दडलेली माळ दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. याचा अर्थ नात्यातले प्रत्येक लग्न धोक्याचे असा नाही, बहुतेक मुले निरोगीच जन्मतात. पण घराण्यात तरुणपणी तोल जाण्याचा, चालणे सुटण्याचा आजार दोघातिघांना झाला असेल, तर सोयरीक पक्की करण्याआधी जनुकीय सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना विचारावे. आणि असे मूल जन्माला आलेच तर दोष सुनेच्या माथी मारू नये. या आजारात अर्धी माळ बापाचीही असते.

दुसरी गोष्ट अहवालाची. मोठ्या शहरात केलेल्या महागड्या जनुकीय तपासणीत 'काही आढळले नाही' असे लिहून आले, तर तेवढ्यावर थांबू नये. नेहमीच्या तपासणीत डीएनए आखूड तुकड्यांत वाचला जातो, आणि वर पाहिल्याप्रमाणे लांब माळा त्यातून निसटू शकतात. डॉक्टरांना एवढेच विचारावे, "या तपासणीत पुनरावृत्तीची वाढ मोजली आहे का? नसेल तर त्याची वेगळी तपासणी लागेल का?" हा एक प्रश्न कित्येक वर्षांची वणवण वाचवू शकतो.

खालाने पुढे काय केले? तिने प्रयोगशाळा गाठली नाही. तिने वही घातली. कुठली शेळी कधी व्याली, किती करडे झाली, बाप कोण, उन्हाळ्यात कोण टिकले. ज्या शेळीने तीन वेतांत जुळी दिली, तिचाच बोकड पैदाशीला ठेवला, आणि दोन-तीन वर्षांनी तो दुसऱ्या गावच्या बोकडाशी बदलला, म्हणजे घरातल्या घरात संकर होऊ नये. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे जाऊन सल्लाही घेतला. आता तिच्या दावणीला सात शेळ्या आहेत. गेल्या ईदला एकाने तिला विचारले, "असली उस्मानाबादी आहे का?" तिने बोकडाकडे बोट दाखवले नाही. वही उघडून त्याच्या आईचे पान दाखवले.